मनगटातलं तळं

१

रविवारी सकाळी दुर्गाबाईंनी लेकीचा व्हिडिओ उघडला, आणि लेकीला मनगटंच नव्हती.

कोपराखाली हात होता, पुढं तळवाही होता. मधली चार बोटं रुंदीची जागा मात्र रिकामी होती, आणि त्या रिकाम्या जागेतून मागचं निळं तळं दिसत होतं. दिव्या नेहमीसारखीच बोलत होती. इथं थंडी वाढलीय, निरंजनला कामातून सवड नाही, तू गोळ्या वेळेवर घेत जा. बोलताना हात हलवायची तिला लहानपणापासून सवय. ते सुटे तळवे हवेत हलत होते आणि मनगटांच्या जागी पाणी चमकत होतं.

दुर्गाबाईंनी चष्मा पुसला. मग फोनची काच पदरानं पुसली. पुन्हा पाहिलं. तेच.

मोशीत नदीच्या अंगाला उभ्या राहिलेल्या त्या इमारतीत दुर्गाबाई तिसऱ्या मजल्यावर एकट्याच राहत. नवरा हिंदुराव जाऊन सहा वर्षं झाली होती. मुलगा सुजित निगडीला राहायचा, तिथंच त्याचं लग्नाचे व्हिडिओ काढायचं दुकान होतं. आणि लेक दिव्या फेब्रुवारीपासून नवऱ्यासोबत, निरंजनसोबत, जर्मनीत होती. तिथं वेळ वेगळी, कामं वेगळी, तिथून फोन लागत नाही असं तिनं पहिल्याच व्हिडिओत सांगितलं होतं. पण दर रविवारी व्हिडिओ यायचा. तीन मिनिटांचा. तो दुर्गाबाई पुढच्या रविवारपर्यंत पुरवून पुरवून पाहायच्या.

तशाच चपला न घालता त्या जिना उतरल्या आणि पहिल्या मजल्यावर कस्तुराबाईंच्या दारात उभ्या राहिल्या. टीव्हीवर त्यांनी ऐकलं होतं की हल्ली कॉम्प्युटरवर मेलेल्या माणसालासुद्धा हसता-बोलता करतात. फोन पुढं करून त्या एवढंच म्हणाल्या, "कस्तुराबाई, तुमी आयुष्यभर खोट बघायचं काम केलं. माझी लेक जित्ती हाय का न्हाई, तेवढं बघून सांगा."

२

कस्तुराबाईंनी अठ्ठावीस वर्षं कंपनीत रंग तपासला होता. आधी भोसरीत, मग चाकणला. पांढऱ्या नळीदिव्यांच्या बोगद्यातून गाडीचा सांगाडा सरकत यायचा, आणि कुठं रंग ओघळलाय, कुठं धुळीचा कण अडकलाय, ते हेरून त्यावर खडूनं गोल करायचा. मिनिटाला एक गाडी. डोळे थकले की माणूस बदलायचे, पण कस्तुराबाईंना बदलायची वेळ क्वचित यायची. निवृत्त झाल्यावरही ती नजर काही घरी बसली नव्हती. भाजीवाल्यापासून सोसायटीच्या सेक्रेटरीपर्यंत सगळे त्यांना जरा वचकून असत.

त्यांनी दुर्गाबाईंना पाणी दिलं, चहा ठेवला, आणि फोन घेऊन खिडकीपाशी बसल्या. एकच व्हिडिओ नको, आलेले सगळे दाखवा म्हणाल्या. पस्तीसच्या वर होते. दुर्गाबाईंनी एकही पुसला नव्हता.

तपासणीची त्यांची रीत साधी होती. सगळं एकदम बघायचं नाही. एका फेरीत एकच गोष्ट.

पहिल्या फेरीत त्यांनी फक्त दिव्याचे केस पाहिले. कानामागची बट उडायची, थांबायची, सात मोजले की पुन्हा उडायची. दुसऱ्या फेरीत फक्त कपाळ पाहिलं. मागं बर्फाचे डोंगर, अंगात स्वेटर, आणि वरच्या ओठावर घामाचे थेंब. तिसऱ्या फेरीत डोळे मिटून नुसतं ऐकलं. एक पक्षी ओरडत होता. अकरा मोजले की ओरडायचा. मे महिन्यातल्या व्हिडिओतही तोच पक्षी, तोच सूर, तेच अकरा.

चहा पुढं ठेवून त्यांनी विचारलं, निरंजन माणूस कसा?

दुर्गाबाईंनी चहाचा एक घोट घेतला. मग सांगू लागल्या. पोरगा तसा गरीब स्वभावाचा, कंपनीत सुपरवायझर होता. पण दिव्यानं स्वतः निवडलेला, आणि दुर्गाबाईंच्या मनात तो कधी भरला नाही. लग्नाच्या आदल्या दिवशी, भरल्या घरात, हळद लागलेल्या लेकीला त्या बोलून बसल्या होत्या, "हा पोरगा तुला चाकणच्या पुढं न्यायचा न्हाई." पुढं तीन वर्षांनी कंपनी जर्मनीला पाठवतेय म्हटल्यावर दिव्यानंच येऊन आईला पहिला पेढा दिला होता. दुर्गाबाईंनी मग सगळ्या इमारतीत पेढे वाटले. सुजितनं गेटवर फ्लेक्स लावला, दोघांचे फोटो, वर विमान, खाली अभिनंदन. निरोपाला अख्खी सोसायटी गेटवर उभी होती.

"त्यानंच काय केलं न्हाई ना तिचं?" दुर्गाबाईंनी विचारलं. आवाज अगदी लहान झाला होता.

कस्तुराबाईंनी फोन त्यांच्या हातात परत दिला. "काय झालंय ते अजून कळलं नाही. पण एक कळलं. त्या तळ्याकाठी ती कधीच उभी नव्हती. नऊ महिन्यांत एकदाही नाही."

३

इमारतीच्या तळमजल्यावर तनुजाचं पार्लर होतं. तनुजा दिव्याची शाळेपासूनची मैत्रीण. ती मेंदीचे, केशरचनांचे छोटे व्हिडिओ काढून टाकायची, आणि पार्लरच्या मागच्या भिंतीवर झगझगीत हिरवा पडदा लावलेला कस्तुराबाईंनी कितीदा पाहिला होता. आज बाजारातून येताना त्या मुद्दाम आत शिरल्या.

पडदा कशाला गं, असं विचारल्यावर तनुजा हसली. मावशी, चला तुम्हाला काश्मीरला नेते, म्हणाली. तिनं त्यांना पडद्यासमोर उभं केलं, फोन रोखला, दोन-तीनदा बोट फिरवलं आणि दाखवलं. कस्तुराबाई खरोखर बर्फात उभ्या होत्या. सुती लुगडं, हातात भाजीची पिशवी, मागं देवदाराची झाडं. फक्त पिशवीतून वर आलेल्या मेथीच्या जुडीची पानं गायब होती. नुसती देठं हवेत उभी.

"माझी मेथी कुणी खाल्ली?"

तनुजानं समजावलं. फोनला सांगायचं, हिरवं दिसेल ते काढ आणि तिथं दुसरं चित्र भर. फोनला काय कळतंय, पडदा कुठला आणि भाजी कुठली. हिरवं दिसलं की काढतो.

कस्तुराबाईंनी पिशवी खाली ठेवली आणि दुर्गाबाईंकडून आपल्या फोनवर मागून घेतलेला दिव्याचा व्हिडिओ तिच्यापुढं धरला. तनुजाचं हसू मावळलं. तिनं तो तीनदा पाहिला. मग पडद्याकडं आणि कस्तुराबाईंकडं पाहून तिला प्रश्न कळला.

"माझ्यावर संशय आहे होय मावशी? मला हे करता आलं असतं तर मी तिला जर्मनीला कशाला पाठवली असती? माझ्या लग्नात आणून उभी केली असती. शेवटपर्यंत मी दाराकडे बघत होते. अक्षता पडल्या तरी."

कस्तुराबाईंनी तिच्या पाठीवर हात ठेवला. तनुजानं व्हिडिओ पुन्हा डोळ्यांजवळ नेला. हे फोनवरचं काम नाहीच, म्हणाली. फोनवर केलं की केसांच्या कडेला हिरवट झालर राहते, माझ्या सगळ्या व्हिडिओंत आहे. इथं एकेक केस स्वच्छ सुटलाय. हे मोठ्या कॉम्प्युटरवर बसून, वेळ घालून केलेलं काम आहे. आणि असली माणसं हिरव्यावर हिरवं घालूच देत नाहीत. लग्नाचे व्हिडिओवाले तर मागं निळं कापड लावतात, कारण आपल्याकडं नवरीचा शालू हिरवा आणि चुडाही हिरवा.

कस्तुराबाई दारापर्यंत गेल्या होत्या. त्या जागच्या जागी थांबल्या.

"काय म्हणालीस? चुडा?"

४

वर दुर्गाबाईंकडे येऊन त्यांनी शिवणाच्या डब्यातून दोरा काढला. दुर्गाबाईंच्या फोनवर व्हिडिओ थांबवून डाव्या हाताची रिकामी जागा दोऱ्यानं मोजली, मग उजव्या हाताची. दोन्ही तुकडे शेजारी ठेवले. एक दुसऱ्यापेक्षा किंचित लांब होता. एका बांगडीएवढा.

दुर्गाबाईंना आणखी काही सांगावं लागलं नाही. कासाराकडून चुडा भरताना एका हातात एक बांगडी जास्त भरतात, हे त्यांना ठाऊक होतं. त्यांनी दोरे हातात घेतले आणि म्हणाल्या, "हिरव्या बांगड्या हायेत. हातभर."

म्हणजे चित्र बनवलेलं नव्हतं. खोटी दिव्या बनवणाऱ्यानं तिच्या हातात आधी बांगड्या भरून मग त्या खाऊ कशाला दिल्या असत्या? समोर खरी बाई उभी होती, आणि तिच्या हातात खऱ्या काचेच्या बांगड्या होत्या. लेक जिवंत होती. दुर्गाबाईंनी देव्हाऱ्याकडे वळून हात जोडले.

पण कस्तुराबाईंची फेरी संपली नव्हती. त्यांनी शेवटचे चार व्हिडिओ ओळीनं लावले आणि त्याआधीचे चार. आधीच्यांत दिव्या गुडघ्यापर्यंत दिसायची, मागं-पुढं चालायची. शेवटच्या चारांत फक्त छातीपासून वर. चेहराही भरलेला, गळ्याखाली गोलवा आलेला. लग्नाला तीन वर्षं झालेली मुलगी एकाएकी हातभर हिरवा चुडा कधी भरते?

या वेळीही उत्तर दुर्गाबाईंनीच दिलं. बोलताना त्यांचं बोट काचेवर, त्या तळ्याच्या तुकड्यावर टेकलं होतं.

"चोरओटी भरली तिची. पाचवा लागला आसंल."

मग त्या रडल्या. कुण्या तरी बाईनं माझ्या लेकीला पाटावर बसवलं, तिच्या ओटीत नारळ घातला, बांगड्या भरल्या. पहिल्या खेपेला. मला ठाऊकसुद्धा नाही. पहिलं बाळंतपण तर आईकडंच व्हायचं असतं. कपाटात हिंदुरावांच्या जुन्या धोतरांची मऊ दुपटी शिवून ठेवलेली, ती कुणासाठी?

कस्तुराबाईंनी त्यांना रडू दिलं. त्यांच्या मनात दुसराच विचार चालला होता. ओटी भरणाऱ्या शेजारणी, हातभर बांगड्या, मान फिरवत सात मोजले की बट उडवणारा पंखा आणि ऑक्टोबरचा घाम. हे सगळं एका ठिकाणी कुठं मिळतं, ते त्यांना समजलं होतं. दिव्या लांब नव्हती. आणि तिला लांब दाखवणारा माणूसही लांबचा नव्हता.

उठताना त्यांनी दुर्गाबाईंना एकच काम सांगितलं. उद्या बरोबर बारा वाजता दिव्याला निरोप पाठवा. आवाजाचा. काही बोला, पण बाराला.

५

निगडीच्या बसथांब्यामागे एका गल्लीत, पहिल्या मजल्यावर सुजितचं दुकान होतं. कस्तुराबाई पोचल्या तेव्हा पावणेबारा झाले होते. मावशी, तुम्ही इकडं कशा, म्हणून सुजित उठला. नातेवाइकांत एक लग्न आहे, व्हिडिओ काढायचाय, असं त्यांनी सांगितलं. तोंड मात्र त्याचं बघत होत्या. तिशीतला, डोळ्यांखाली काळं, दोन दिवसांची दाढी.

त्यानं कॉम्प्युटरवर दोन लग्नं दाखवली. काम सुरेख होतं. नवरीच्या कपाळावरची भुरभुरती बट मागच्या राजवाड्यासमोर वेगळी उठून दिसत होती. कोपऱ्यात लोखंडी दांडीवर दोन कापडं गुंडाळून ठेवली होती, एक निळं, एक हिरवं.

निळं कशाला, असं त्यांनी भाबडेपणानं विचारलं. सुजितनं तनुजासारखंच उत्तर दिलं. चुडा हिरवा असतो ना मावशी.

"बरोबर. म्हणून पाडव्याच्या व्हिडिओत दिव्याचं हिरवं पातळ शाबूत राहिलं. गुढीपाशी उभी होती ती, पदरसुद्धा खाल्ला गेला नव्हता. त्या दिवशी मागं निळं होतं."

सुजित हसायचा प्रयत्न करत म्हणाला की दिव्या जर्मनीत आहे, ती व्हिडिओ कुणाकडून करून घेते, मला काय माहीत. तिकडं भारतीय लोक पुष्कळ आहेत. त्यातला कुणी तरी असेल.

कस्तुराबाई भिंतीवरच्या घड्याळाकडे बघत राहिल्या. हिंदुरावांचा हार घातलेला फोटो घड्याळाखालीच होता.

बारा वाजले. टेबलाचा खालचा खण थरथरला.

एकदा, दोनदा. आत लाकडावर काहीतरी घुरघुरत होतं. सुजित हलला नाही. कस्तुराबाईंनीच वाकून खण ओढला. आत गुलाबी कव्हरचा फोन होता, दिव्याचा, तिच्या लग्नातला. त्यांनी त्यावर बोट ठेवलं आणि दुर्गाबाईंचा आवाज त्या छोट्या दुकानात भरून गेला. दिव्या, बाळा, भाकरी खाल्ली का. गार पाण्यात हात घालू नको गं.

सुजित खुर्चीत बसला आणि दोन्ही हातांत डोकं धरलं.

६

त्यानं जे सांगितलं ते असं.

निरोपाच्या दिवशी गाडी लोणावळ्यापाशी असताना निरंजनला कंपनीचा मेल आला. तिकडचं काम थांबवलंय, कुणालाच पाठवायचं नाही. विमानतळाऐवजी गाडी मागं फिरली. पण मोशीत जायचं कसं? गेटवर फ्लेक्स होता, गळ्यातले हार अजून ओले होते. दोन दिवस ती दोघं याच दुकानात राहिली, या हिरव्या कापडावर चादर टाकून झोपली. आईला आठवडाभरात सांगू, असं दिव्या म्हणाली. तेवढा आठवडा निघावा म्हणून पहिला व्हिडिओ केला. दुर्गाबाईंनी तो अख्ख्या इमारतीला दाखवला. दुसऱ्या आठवड्यात निरंजनची जुनी जागाही गेली. मग सांगणं आणखी अवघड झालं, आणि दर रविवारी आणखी अवघड होत गेलं.

आता निरंजन एका गोदामात ठेकेदाराकडं कामाला होता. दिव्या घरी कापड लावून स्वतःला टिपायची, सुजितला पाठवायची. तो मागं तळं भरायचा, पक्षी घालायचा, आणि खणातल्या जुन्या फोनवरून आईला धाडायचा. तो फोन दिव्याकडं का नाही, असं कस्तुराबाईंनी विचारलं.

"तिच्याकडं राहिला असता तर तिनं एकदा तरी उचलला असता, मावशी. आईचे सगळे निरोप मी तिला ऐकवतो. ती ऐकते आणि पुन्हा लाव म्हणते."

राहतात कुठं, हे विचारल्यावर त्यानं खण बंद केला. मग खाली बघत म्हणाला, "चाकण."

खाली रस्त्यावर बस सुटल्या, घंट्या वाजल्या. कस्तुराबाईंना भरल्या घरात हळद लागलेली ती मुलगी दिसली. खोटेपणा निरंजनचा नव्हता आणि पुरता दिव्याचाही नव्हता. आईचं एक वाक्य खरं ठरू नये म्हणून एक मुलगी नऊ महिने बर्फात उभी राहिली होती.

पण एक गोष्ट अजून बाकी होती. त्यांनी ती सुजितपुढं ठेवली.

"पस्तीस व्हिडिओ मी पाहिले. घामाचे थेंब राहिले, पंखा राहिला, ते उभं राहणारीचे दोष. तुझ्या कामात खोट नव्हती. एकही केस निसटला नाही. पाडव्याला तू कापड बदलायला लावलंस. आणि काल दोन्ही मनगटं उघडी? झाकायला किती वेळ लागला असता?"

"दहा मिनिटं," सुजित म्हणाला.

"आमच्या लाइनवर एक पोरगा होता. हात अगदी साफ. एक दिवस त्यानं दारावर बोटभर ओघळ सोडला, सगळ्यांना दिसेल असा. मी गोल केला आणि वर बघितलं, तर तो माझ्याकडंच बघत होता. मागच्या भट्टीत वायू गळत होता, आणि साहेब लाइन थांबवत नव्हते. त्याला लाइन थांबायला हवी होती."

सुजितचे डोळे भरले. दिव्यानं त्याला वडिलांच्या फोटोवर हात ठेवायला लावला होता. आईला सांगणार नाहीस, अशी शपथ घे. त्यानं घेतली होती. मग परवा ते हिरव्या बांगड्यांचं चित्रण आलं. ओटी शेजारच्या रंभाताईंनी भरली, बांगड्या काढायच्या नसतात, तूच काहीतरी कर, असं तिनं सांगितलं होतं. तो रात्रभर त्या मनगटांकडे बघत राहिला.

"सांगणार नाही, अशी शपथ घेतली होती मावशी. दिसू देणार नाही, अशी घेतली नव्हती."

७

दुर्गाबाईंनी सगळं ऐकून घेतलं. कस्तुराबाईंनी कुणाला दोष दिला नाही, जे होतं ते ओळीनं सांगितलं. चाकण हा शब्द आला तेव्हा दुर्गाबाईंनी डोळे मिटले. आपलंच वाक्य परत ऐकायला आल्यासारखे.

खिडकीतून हमरस्ता दिसत होता. कंपन्यांच्या बस एकामागून एक उत्तरेकडे चालल्या होत्या. नऊ महिने त्या संध्याकाळी इथंच बसून आकाशातली विमानं बघायच्या. एकदाही खाली रस्त्याकडं पाहिलं नव्हतं.

कस्तुराबाई म्हणाल्या, उद्याच जाऊ. दुर्गाबाईंनी नकाराची मान हलवली.

"धरायला आल्यासारखं न्हाई जायचं. दार उघडून आई दिसली तर पोर मरंल लाजेनं. आदी तिला कळू द्या, मला कळलंय म्हणून. तिच्याच बोलीत."

मंगळवारी सकाळी त्या सुजितच्या दुकानात जाऊन उभ्या राहिल्या. इस्त्रीचं लुगडं, केस चापून बसवलेले. त्यांनी मुलाच्या गालावरून हात फिरवला. दाढी कर, म्हणाल्या. सुजित हिरवं कापड सोडायला लागला तशी त्यांनी त्याला थांबवलं आणि पिशवीतून कागदात गुंडाळलेला बांगड्यांचा जुडगा काढला. मोशीच्या कासारणीकडून घेतलेला, हिरवा, सोनेरी ठिपक्यांचा.

"निळं लाव. ह्या दिसाया पायजेत."

दुपारी तीनला ते तिघं चाकणच्या एका चाळवजा इमारतीच्या जिन्यावर उभे होते. निरंजन पहिल्या पाळीला गेलेला, अजून यायचा होता. बंद दारावर तोरण होतं. आतून पंख्याची घरघर ऐकू येत होती, थांबून थांबून. दुर्गाबाईंनी कस्तुराबाईंचा हात धरला. विधवा बाईनं ओटी भरू नये म्हणत्यात, असं त्या हळूच म्हणाल्या. नसली भरायची तर नसू दे. पण लेकीला घरी न्यायला आईला कोण अडवतंय.

मग त्यांनी सुजितकडं पाहिलं, आणि सुजितनं व्हिडिओ पाठवला.

दाराआड फोन वाजला. पावलं ऐकू आली, जड, सावकाश. आणि मग पातळ दारामागून दुर्गाबाईंचाच आवाज बाहेर आला. आत त्या तळ्याकाठी उभ्या होत्या, बर्फाचे डोंगर पाठीशी घेऊन, हातात हिरव्या बांगड्या घेऊन. पक्षीही होता. अकरा मोजले की ओरडत होता.

"दिव्या, मी तुझ्या तळ्याकाठी आलीया. लई थंडी हाय गं हितं. घरी चल आता. दुपटी शिवून ठेवलीत. दाराबाहीर हाय मी. उघड."

पक्षी आणखी एकदा ओरडला आणि व्हिडिओ संपला. आत काहीच हललं नाही. पंखा फिरून गेला, पुन्हा फिरून गेला. सुजित पुढं व्हायला लागला तेव्हा कस्तुराबाईंनी त्याला मागं ओढलं.

कडी निघाली.

दिव्या दारात उभी होती. मागच्या भिंतीवर हिरवं कापड, पुढं पोट. तिनं आईकडं पाहिलं नाही. उंबऱ्याकडं बघत म्हणाली, "आई, तू म्हणाली होतीस तेच झालं. मी चाकणच्या पुढं गेलेच नाही."

दुर्गाबाईंनी तिची मनगटं धरली. दोन्ही. बांगड्या किणकिणल्या. आधी एक, मग दुसरं, त्या अंगठ्यानं चाचपत राहिल्या, सगळं जागच्या जागी आहे ना ते बघत.

"बरं झालं न्हाई गेलीस," त्या म्हणाल्या. "मला बसनं येता आलं."